मल्लिनाथ सरांचा सोमवार

मल्लिनाथ हत्तुरे याला मी तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून ओळखतो. त्याचा बाप ईरप्पा आणि मी सोलापूरच्या एका गिरणीत, एकाच खात्यात होतो. गिरणी बंद पडली तेव्हा मल्लिनाथ दहावीत होता. ईरप्पा घरी बसला तो पुन्हा कामाला उभा राहिला नाही. मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून लागलो. बंद पडलेला माग चालू करायचा, एवढंच काम. निवृत्त होईपर्यंत तेच केलं.

मल्लिनाथ उंच होता म्हणून शाळेच्या सरांनी त्याला बास्केटबॉलच्या कोर्टवर उभा केला. खेळाडू म्हणून तो फार मोठा झाला नाही. जिल्ह्याकडून खेळला, राज्याच्या शिबिरापर्यंत गेला, तिथून परत आला. मग एका औषधाच्या दुकानात काम करत त्यानं बी.पी.एड. केलं आणि आमच्या भागातल्या कॉलेजात मुलींच्या संघाचा कोच म्हणून लागला. नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची. अशा एकोणीस ऑर्डरी झाल्या. मधला एक महिना कॉलेजच्या लेखी तो नसायचा. मैदानावर मात्र असायचा.

माझं घर कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून आहे. सकाळी फिरायला मी त्या मैदानावर जातो, त्यामुळे त्याचं काम मी रोज पाहिलेलं आहे. साडेपाचला यायचा. सिमेंटचं कोर्ट स्वतः झाडायचा, कारण बारीक खडी राहिली की घोटा मुरगळतो. नव्या पोरींना पहिले पंधरा दिवस चेंडू द्यायचा नाही. गुडघे वाकवून उभं राहायचं, डावीकडे सरकायचं, उजवीकडे सरकायचं. पोरी विचारायच्या, सर, बॉल कधी? तो म्हणायचा, पाय आले की. अर्ध्या पोरी पंधरा दिवसांत पळून जायच्या. त्यांच्या मागे तो कधी गेला नाही. राहिल्या त्यांच्यातून त्यानं दोनदा विद्यापीठाचा कप आणला.

गेली तीन वर्षं कप आला नव्हता. यंदा जूनमध्ये ऑर्डर मिळाली ती अडीच महिन्यांचीच, एकतीस ऑगस्टपर्यंत. संस्थेचे सचिव महेश्वरअण्णा यांनी त्याला समोर बसवून सांगितलं की मंडळात खर्चावरून बोलणं होतं. कप आणा, मी पुढची ऑर्डर काढतो. नाही आला तर मला काही करता येणार नाही. अण्णा उगाच दटावणारा माणूस नव्हे. बोलले ते तसंच होणार, हे मल्लिनाथलाही ठाऊक होतं.

त्यानं हे पोरींना सांगितलं नव्हतं. पण ऑफिसातला क्लार्क बिभीषण याच्या पोटात काही राहत नाही. दोन दिवसांत सगळ्या संघाला कळलं. माझी नात शिवानी त्या संघात आहे. तिनं घरी येऊन सांगितलं, तेव्हा ती जेवलीसुद्धा नाही.

आता सोमवारचं सांगतो. मल्लिनाथ सोमवारी उपवास करतो, निर्जळी. संध्याकाळी देवाला जाऊन आल्यावर सोडतो. गिरणी बंद पडली त्या वर्षी त्याच्या आईबरोबर त्यानंही तो धरला. घरात त्या दिवशी एक जेवण वाचायचं, हेही एक कारण होतं. पुढं बरे दिवस आले तरी उपवास राहिला. एकतीस वर्षं झाली. आमच्यात सोमवार बरेच जण करतात. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पण सोमवारचा सराव तो मुद्दाम सगळ्यात जड ठेवायचा. स्वतः पोरींबरोबर धावायचा. कुणी दमून कमरेवर हात ठेवले की म्हणायचा, ‘माझ्या पोटात कालपासून पाण्याचा थेंब नाही. तरी मी उभा आहे. तुम्हाला काय झालंय?’

मी ते बऱ्याचदा ऐकलं. मला ते वाक्य आवडायचं. कामचुकारांना असंच बोलावं लागतं, असं माझं मत होतं.

यंदा अंतिम सामना अकलूजला होता. रविवारी व्हायचा होता. शनिवारी आम्ही उपांत्य सामना जिंकलो आणि तिथल्याच एका शाळेत मुक्काम केला. मी शिवानीचा आजा म्हणून गाडीत बसलो होतो. एका तरी घरचं मोठं माणूस सोबत हवं, असा कॉलेजचा नियम आहे. बिभीषण कॉलेजतर्फे होता. रविवारी दुपारी पाऊस आला, कोर्टवर पाणी साचलं, आणि सामना सोमवारी तीन वाजता ठेवला. तो श्रावणातला तिसरा सोमवार होता.

सकाळी मल्लिनाथ कोर्ट बघायला गेला. पोरींच्या नाश्त्याचं बिभीषणकडं होतं. त्यानं पोहे मागवले. काही पोरींनी नंतर खातो म्हणून ताटल्या झाकून ठेवल्या. त्यानं पुढं बघितलं नाही. मीही नाही.

सामना सुरू झाला तो चांगला. आमची कॅप्टन सिद्धेश्वरी, अक्कलकोटकडची. कडक भाकरी करून विकणारं घर. बोलायला थोडी, हाताला पक्की. दहा-दहा मिनिटांच्या चार डावांपैकी पहिल्यात तिनं एकटीनं अकरा गुण केले. मग दुसऱ्या डावात सगळंच सैल पडत गेलं. पोरी चेंडूच्या मागं अर्धं पाऊल उशिरा पोचायला लागल्या. सिद्धेश्वरीचे दोन फ्री थ्रो रिंगला न लागताच खाली पडले. असं तिचं होत नाही. मल्लिनाथ बाजूनं ओरडत होता, ‘पाय! पाय कुठं आहेत?’

मध्यंतराला अर्धं मिनिट असताना शिवानी चेंडूला हात घालायला गेली आणि बसली ती उठेना. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. मी आत धावलो. तिचा हात हातात घेतला तर ऊन असूनही थंड, आणि ओठ पांढरे. तिला उचलून झाडाखाली आणलं तोवर शिट्टी झाली. आम्ही चार गुणांनी मागं होतो.

मल्लिनाथनं तिच्याकडं बघितलं, मग बाकीच्या आठ जणींकडं. पाण्याच्या बाटल्या खोक्यात होत्या तशाच भरलेल्या होत्या. दोनच उघडलेल्या.

‘सकाळपासून काय खाल्लंय?’ त्यानं विचारलं.

पोरी सिद्धेश्वरीकडं बघायला लागल्या.

माढ्याची उत्कर्षा एकदम रडकुंडीला आली. ती म्हणाली, ‘सर, मी खाल्लंय. पोहे खाल्ले, मग स्टँडवर जाऊन दोन वडापाव खाल्ले. मला पण सांगितलं होतं ह्यांनी, पण मला उपाशी जमत न्हाय. माझ्यामुळंच हरतोय का सर आपण?’

दुसऱ्या वेळी कुणीही हसलं असतं. हळूहळू सगळं बाहेर आलं. नऊपैकी सहा जणी आदल्या रात्रीपासून निर्जळी होत्या. सामना सोमवारवर गेला म्हटल्यावर सिद्धेश्वरी म्हणाली होती की हा देवाचाच इशारा आहे. सरांसारखा कडक सोमवार धरायचा, कप मागायचा, सरांची ऑर्डर मागायची. सर एकतीस वर्षं उपाशी धावतात, आपण एक दिवस धावू.

 मध्यंतराच्या पंधरा मिनिटांतली चार गेली होती. मला वाटलं मल्लिनाथ चिडेल. तो चिडला नाही. खोक्यातली एक बाटली त्यानं काढली, झाकण फिरवलं, आणि उभ्यानं अर्धी प्याला. मग केळ्यांच्या फणीतलं एक केळं सोलून खाल्लं. कुणाकडं न बघता खाल्लं. पोरी बघत राहिल्या. एकीच्या तोंडून ‘सर’ एवढंच आलं.

‘माझा सोमवार सुटला,’ तो म्हणाला. ‘आता तुमचा सोडा. आधी पाणी, दोन दोन घोट. मीठ-साखर घाला त्यात. मग अर्धं केळं. जास्त नाही, उलटी होईल.’

पाच जणींनी बाटल्या घेतल्या. शिवानी रडत प्याली. सिद्धेश्वरीनं हात पुढं केला नाही.

ती म्हणाली, ‘मी न्हाय सोडणार. नवस माझा हाय सर, तुमचा न्हाय. मी सोडला आणि हरलो, तर ते माझ्या हातानं हुईल.’

‘नवस तुझा. संघ माझा,’ मल्लिनाथ म्हणाला. ‘पाणी प्यायल्याशिवाय आत जायचं नाही.’

‘मग कोण खेळणार? उत्कर्षा?’

‘उत्कर्षा.’

 तिसरा डाव सुरू झाला आणि सिद्धेश्वरी बाकावर बसून राहिली. पाठ ताठ, हात मांडीवर, बाटली पायाशी.

आम्ही मागं पडत गेलो. तिथल्या पोरांना मजा वाटायला लागली. कॅप्टन रुसली का, म्हणून ते ओरडत होते. एक जण म्हणाला, सोलापूरच्या भाकरीला पाणी लागंना. उत्कर्षा जीव तोडून धावत होती. तिला सिद्धेश्वरीची जागा भरता येत नव्हती, पण एक पाऊल तिनं चुकवलं नाही. पाणी प्यायलेल्या पोरींना लगेच बळ येत नव्हतं. येतही नाही. शरीर म्हणजे बटण दाबून चालू होणारा माग नव्हे. डाव संपला तेव्हा फरक नऊचा होता.

बिभीषणच्या खिशात फोन वाजला. तो बाजूला गेला, परत आला, मल्लिनाथच्या कानाशी लागला. मी जवळच होतो.

‘अण्णा विचारतायत किती झाले. सर, टाका की तिला आत. धडधाकट बसलीय. दहा मिनिटांचा प्रश्न हाय.’

मल्लिनाथ म्हणाला, ‘मगाशी शिवानी पण धडधाकट होती.’

‘सर, तुमचं एकतीस तारखेचं काय हाय ते तुमाला ठावं न्हाय का? लेकरंबाळं हायत घरात.’

 मल्लिनाथचा हात शर्टाची कड मुठीत धरून होता, एवढं मला दिसलं. खरं लिहायचं तर मलाही त्या वेळी वाटत होतं की पोरीला आत घालावी. माझी नात बाकावर गोळे चोळत होती, तरी वाटत होतं. एकोणीस वर्षांची नोकरी पाच पावलांवर बसली होती. त्यानं नुसती मान हलवली असती तरी ती उठली असती.

त्यानं मान हलवली नाही.

शेवटच्या डावाची सहा मिनिटं गेली. एक पोरगी पाचव्या फाउलवर बाहेर आली. आणखी दोघींच्या पोटात दुखायला लागलं, त्याही बाहेर बसल्या. शिवानी उठून उभी राहिली, म्हणाली, सर, मी जाते. तिला नीट चालता येत नव्हतं. मल्लिनाथ नाही म्हणाला. ती म्हणाली, चार जणींनी कसं खेळायचं मग?

तेव्हा सिद्धेश्वरीनं शिवानीच्या पायांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. शिवानीला उपवासाला तिनंच तयार केलं होतं. खाली वाकून तिनं बाटली उचलली आणि प्यायला लागली. पाणी हनुवटीवरून जर्सीवर सांडत होतं.

बिभीषण ओरडला, ‘आता टाका, सर!’

‘सावकाश पी,’ मल्लिनाथ तिला म्हणाला. ‘केळं खा. दोन मिनिटं बस.’

‘दोन मिनिटं? सर, एकूण चार हायत!’

‘दोन मिनिटं,’ मल्लिनाथ म्हणाला.

ती दोन मिनिटं संघ चौघींवर खेळला. पाच जणींसमोर चौघी. मी बऱ्याच मागांवर उभा राहिलो आहे, पण वेळ इतका सावकाश जाताना पाहिला नाही. मल्लिनाथ घड्याळाकडं बघत होता, कोर्टकडं बघतच नव्हता. वेळ भरली तसा त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला आत सोडलं.

आत जाताना सात गुणांची पिछाडी होती. पहिल्याच चेंडूवर तिनं लांबून तीन गुण मारले. मग एकीला चकवून आत शिरली, दोन. उत्कर्षानं एक चेंडू हिसकावला आणि स्वतःच टाकला, दोन. समोरच्यांनी एक टाकला. वीस सेकंद राहिले, दोनचा फरक, चेंडू आमच्याकडं. सगळं मैदान उभं. सिद्धेश्वरीच्या अंगावर दोघी धावून आल्या, तिनं बघितलं की उत्कर्षा मोकळी आहे, आणि चेंडू तिला दिला. उत्कर्षानं टाकला. रिंगवर दोनदा आपटला आणि बाहेर पडला.

आम्ही दोन गुणांनी हरलो.

उत्कर्षा कोर्टवरच खाली बसली. मल्लिनाथ आत गेला. सिद्धेश्वरीला त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, पास बरोबर होता. उत्कर्षाला सांगितलं, फेकही बरोबर होती, गुडघा जरा कमी वाकला. मग शिवानीला उचलून गाडीत बसवायला मला हात दिला. 

बुधवारी त्याला ऑफिसात बोलावलं. तिथं काय झालं ते मला बिभीषणनं सांगितलं. तो दारातच उभा होता.

महेश्वरअण्णा रागावले नव्हते. त्यांना मल्लिनाथ जायला नको होता. त्यांनी वाट काढून ठेवली होती. म्हणाले, ‘मंडळापुढं मला कारण ठेवावं लागतं. लिहून द्या की कॅप्टननं कोचचं ऐकलं नाही, बाकावर बसून राहिली, म्हणून सामना गेला. मी एक वर्ष ओढतो तुम्हाला.’

‘तिचं काय होईल?’ मल्लिनाथनं विचारलं.

‘शिस्तीचा विषय होईल. यंदा विद्यापीठाच्या निवड चाचणीला तिचं नाव जाणार नाही. एक वर्ष थांबेल. पोरगी लहान आहे.’

‘शेवटचं वर्ष आहे तिचं.’

‘मल्लिनाथ, मी खोटं लिहायला सांगत नाही. ऐकलं नाहीच की तिनं तुमचं.’

ते खरंच होतं. खोटं लिहायला सांगितलं असतं तर मल्लिनाथला सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. त्यानं कागद मागून घेतला, बाहेरच्या बाकावर बसला, आणि लिहायला त्याला पाऊण तास लागला. लिहिल्या त्या सहा ओळी. बिभीषणनं ते आत नेताना वाचलं. त्याला ते तोंडपाठ झालं होतं.

‘सामन्याच्या दिवशी सहा खेळाडू निर्जळी उपवासावर होत्या. मला ते मध्यंतरात कळले. खेळाडूंनी काय खाल्ले हे सामन्याआधी विचारणे कोचचे काम आहे. मी विचारले नाही. उपाशी पोटी धावण्याचे कौतुक खेळाडूंनी माझ्याच तोंडून वर्षानुवर्षे ऐकले होते. पराभवास मी जबाबदार आहे.’

अण्णांनी वाचलं. म्हणाले, हे मंडळापुढं ठेवलं तर मला तुमच्यासाठी काही बोलता येणार नाही.

‘ठेवा,’ मल्लिनाथ म्हणाला. मग त्यानं निवड चाचणीचा अर्ज पुढं केला. त्यावर सिद्धेश्वरीचं नाव होतं आणि खाली कोचच्या सहीची जागा होती. ‘एकतीस तारखेपर्यंत माझी सही चालते. तारीख घालून दिली आहे. तुमचा शिक्का हवा.’

बिभीषण म्हणतो, अण्णांनी अर्ज दोनदा वाचला. मग त्यांनी शिक्का मारला.

राहिलेले दिवस मल्लिनाथ रोज साडेपाचला आला. कोर्ट झाडलं. फक्त एक बदललं होतं. सराव सुरू करायच्या आधी पोरींना ओळीत उभं करून एकेकीला विचारायचा, काय खाल्लंस? उत्कर्षाची यादी लांब असायची. त्याला ती पूर्ण ऐकावी लागायची. एकतीस तारखेला त्यानं सराव वेळेवर संपवला, चेंडूंच्या खोलीची किल्ली बिभीषणकडं दिली, पोचपावती घेतली आणि गेला. भाषण वगैरे काही झालं नाही.

सिद्धेश्वरी विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. पहिल्या पाचांत नाही, बदली म्हणून. तिथं ती काय करते ते तिच्या पायांवर आहे.

त्या आठवड्यात मल्लिनाथ माझ्याकडं आला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. एकोणीस वर्षं शिट्टी हातात होती, दुसरं काम येत नाही. म्हणाला, ‘काका, तुमच्या कारखान्यात काही आहे का? टॉवेलचे गठ्ठे बांधायचं, मोजायचं, काहीही.’ मी त्याला अक्कलकोट रोडला मालकाकडं घेऊन गेलो. मालकानं मला बाजूला घेऊन विचारलं, हा कामाला कसा आहे? खात्री देता का?

मी कारखान्यात बावीस वर्षं काढली. नातेवाईक, शेजारी, जावयाचा भाऊ, असे किती तरी जण शब्द टाका म्हणून आले. कुणाच्याही कामाची खात्री मी कधी दिली नाही. दुसऱ्याच्या हातांची खात्री देता येत नाही.

याची दिली. तो सध्या पहिल्या पाळीला आहे.